देशसंकेतांचा शोधक : एक कोशपरीक्षण

कोश म्हटला म्हणजे जाड पुठ्ठ्याचा, अनेक खंडांचा ग्रंथ डोळ्यांपुढे येतो. तथापि कोशाचे लक्षण त्याच्या आकारात नाही. नोंद, नोंदीचा अर्थ, आणि तो अर्थ कोणत्या आधारावर दिला आहे याचा निर्देश ही तीन अंगे जेथे असतील तेथे कोश आहे, मग तो कागदावर छापलेला असो वा संगणकाच्या पडद्यावर उमटणारा असो. या दृष्टीने पाहता, कचेरीतील मेजावरच्या संगणकात बसविलेला आणि दोन अक्षरे टंकताच त्यांनी दर्शविलेल्या देशाचे नाव सांगणारा लहानसा शोधक हाही कोशच ठरतो. म्हणूनच कोशाला जे प्रश्न विचारावयाचे ते त्यालाही विचारले पाहिजेत. अशा साधनांकडे आजवर केवळ सोयीची वस्तू म्हणून पाहिले गेले. त्यांचे कोश म्हणून परीक्षण क्वचितच झाले आहे.

परीक्षणासाठी येथे ‘आयसोक्वेरी’ हा शोधक निवडला आहे. लिनक्स प्रणालीवर चालणारे हे साधन अत्यंत साधे आहे. त्यात चित्रे नाहीत, नकाशे नाहीत, सजावट नाही. आज्ञेच्या ओळीत संकेत लिहावा आणि उत्तराची एक ओळ वाचावी, एवढाच त्याचा व्यवहार आहे. ‘आय-एन’ असे विचारले असता द्व्यक्षरी संकेत ‘आय-एन’, त्र्यक्षरी संकेत ‘आय-एन-डी’, अंकसंकेत ३५६ आणि देशाचे नाव अशी चार पदांची ओळ मिळते. हे साधन आपली सामग्री ‘आयएसओ-कोड्स’ नावाच्या संग्रहातून घेते. तो संग्रह संगणकातच साठविलेला असल्यामुळे उत्तरासाठी बाहेरच्या जाळ्याची गरज लागत नाही. देशांखेरीज भाषा, लिपी व चलने यांचे संकेतही त्याच संग्रहात वेगवेगळ्या कोष्टकांत ठेवले आहेत.

या साधनाचे गुणदोष पाहण्यापूर्वी ज्या संकेतांचा हा कोश आहे त्यांचे स्वरूप समजून घेणे अवश्य आहे.

१. संकेताचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने देशसंकेतांचे मानक प्रथम १९७४ साली प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक ३१६६. पुढे त्याचे तीन भाग करण्यात आले. पहिल्या भागात आज प्रचलित असलेले देश व प्रदेश, दुसऱ्यात त्यांचे अंतर्गत विभाग, आणि तिसऱ्यात एके काळी यादीत असून नंतर वगळली गेलेली नावे येतात. पहिल्या भागात आज २४९ नोंदी आहेत. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांपासून दोन अक्षरांच्या ६७६ जोड्या होतात; त्यांपैकी ४२ जोड्या वापरणाऱ्यांनी आपल्या खाजगी गरजेसाठी योजाव्यात म्हणून मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत.

हे संकेत म्हणजे इंग्रजी नावांची संक्षिप्त रूपे होत, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भारताचा ‘आय-एन’ हा संकेत इंग्रजी नावावरून आला, ही गोष्ट खरी. परंतु जर्मनीचा ‘डी-ई’ हा त्या देशाच्या ‘डॉइचलांट’ या स्वभाषेतील नावावरून आला आहे, आणि स्पेनचा ‘ई-एस’ हा ‘एस्पान्या’वरून. क्रोएशियाचा ‘एच-आर’ ‘ह्र्वात्स्का’ या नावातून, तर एस्टोनियाचा ‘ई-ई’ ‘एस्टी’ या नावातून निघाला. आफ्रिकेतील चाड देशाचा ‘टी-डी’ हा फ्रेंच वर्णलेखनाचा वारसा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ‘झेड-ए’मध्ये डच नाव दडलेले आहे. स्वित्झर्लंडचा ‘सी-एच’ तर चार राजभाषांपैकी कोणत्याही एकीला झुकते माप न देता थेट लॅटिन भाषेतून, ‘कॉन्फेडेराशिओ हेल्व्हेतिका’ या नावावरून घेतलेला आहे. यावरून असे दिसते की, या यादीला एकच एक भाषा नाही. प्रत्येक जोडीत कोणत्या ना कोणत्या भाषेचा, क्वचित कोणत्या ना कोणत्या साम्राज्याचा अवशेष आहे.

तथापि एकदा संकेत ठरला की त्याच्या व्युत्पत्तीचा व्यवहाराशी संबंध उरत नाही. आपल्याकडील शब्दविचारात संकेताचे दोन प्रकार मानले आहेत. एक आजानिक, म्हणजे परंपरेने चालत आलेला व ज्याचा आरंभ दाखविता येत नाही असा. दुसरा आधुनिक, म्हणजे अमुक व्यक्तीने अमुक वेळी ठरविलेला. गाय हा शब्द पहिल्या प्रकारचा, तर शास्त्रातील पारिभाषिक संज्ञा दुसऱ्या प्रकारच्या. पाणिनीची ‘घु’ ही संज्ञा दा, धा इत्यादी धातूंचा निर्देश करते, पण अष्टाध्यायीच्या बाहेर ती निरर्थक आहे. ‘वृद्धि’ हा शब्द व्याकरणात आ, ऐ, औ या वर्णांचा वाचक आहे. वैद्यकात त्याचा अर्थ निराळा होतो. अर्थात आधुनिक संकेताचा अर्थ सांगावयाचा तर तो कोणी केला, कोणत्या शास्त्रात केला आणि केव्हापासून केला, हे तिन्ही सांगावे लागते. त्यावाचून दिलेला अर्थ अपुरा राहतो.

देशसंकेतांच्या शोधकाची कसोटी हीच आहे. अक्षरांवरून नाव मिळते की नाही, हा दुय्यम प्रश्न होय. ‘कोणाच्या मते’ आणि ‘केव्हापासून’ या दोन प्रश्नांना तो काय उत्तर देतो, हा खरा प्रश्न आहे.

२. कोणाच्या मते

एकाच देशाला अनेक संस्थांनी अनेक संकेत दिले आहेत. दूरध्वनीचे देशक्रमांक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवितो, ऑलिंपिक क्रीडांतील त्र्यक्षरी संकेत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ठरविते, आणि मोटारगाड्यांवरील देशचिन्हे आंतरराष्ट्रीय वाहतूक करारांन्वये नोंदविली जातात. यांपैकी प्रत्येक व्यवस्थेचे प्रयोजन निराळे असल्यामुळे तिचे नियमही निराळे आहेत. जर्मनी मानकात ‘डी-ई-यू’ आहे, क्रीडांगणावर ‘जी-ई-आर’ आहे आणि मोटारीच्या पाठीवर नुसता ‘डी’ आहे. अल्जीरियाचा मानकातील संकेत ‘डी-झेड-ए’, तर ऑलिंपिकमधील ‘ए-एल-जी’.

ब्रिटनचे उदाहरण अधिक बोधक आहे. मानकात त्याचा संकेत ‘जी-बी’ असा आहे; तरी जाळ्यावरील पत्त्यांत ‘यू-के’ हीच अक्षरे रूढ झाली, आणि मानकाला ती ‘यू-के’ अपवाद म्हणून राखून ठेवावी लागली. २८ सप्टेंबर २०२१ पासून त्या देशाच्या मोटारींवरील चिन्हही ‘जी-बी’ जाऊन ‘यू-के’ झाले. ग्रीसला मानक ‘जी-आर’ म्हणते, तर युरोपीय संघाच्या कागदपत्रांत त्याच देशाला ‘ई-एल’ म्हणतात. येथे कोणीही चुकलेला नाही. जितक्या संस्था तितके कोश आहेत, आणि प्रत्येक नोंद आपापल्या कोशात शुद्ध आहे.

दूरध्वनीच्या क्रमांकांचे तर्कशास्त्र याहून वेगळे आहे. तेथे एकेका आकड्याने जगाचा एकेक विभाग दाखविला आहे, आणि कोणताही देशक्रमांक दुसऱ्या देशक्रमांकाचा आरंभ होऊ नये असा कटाक्ष आहे. कारण यंत्र डावीकडून एकेक आकडा वाचत जाते. ९१ वाचून होताच भारत निश्चित झाला पाहिजे. बांगलादेशाचा ८८०, नेपाळचा ९७७ व श्रीलंकेचा ९४ हे त्याच नियमात बसतात. परंतु येथे क्रमांक म्हणजे देश असे समीकरण नाही. १ या क्रमांकात अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि कॅरिबियन समुद्रातील अनेक देश एकत्र नांदतात. ७ हा क्रमांक रशिया व कझाकस्तान यांनी वाटून घेतला आहे. म्हणून ‘१ हा कोणाचा संकेत?’ या प्रश्नाला एका नावाने उत्तर देणारा शोधक त्या प्रश्नालाच समजलेला नाही, असे म्हणावे लागते.

बाजारात व जाळ्यावर आढळणारे बहुतेक शोधक या ठिकाणीच घसरतात. मानकाचा संकेत, दूरध्वनीचा क्रमांक, जाळ्यावरील पत्त्याचे शेपूट आणि ध्वजाचे चित्र हे सर्व ते एकाच ओळीत, एकाच ठशात मांडतात. ती ओळ पाहणाऱ्यास हे सर्व एकाच अधिकाराने सांगितले आहे असा भास होतो. व्याकरण, वैद्यक व ज्योतिष यांतील संज्ञा शास्त्राचा उल्लेख न करता एकाच अकारविल्ह्यात मिसळाव्या, तसाच हा प्रकार आहे.

या बाबतीत आयसोक्वेरीचा संयम प्रशंसनीय आहे. ते फक्त आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकांपुरतेच बोलते. दूरध्वनी, क्रीडा वा मोटारी यांचे उत्तर देण्याचा आव ते आणत नाही. शिवाय कोणत्या मानकाचे कोष्टक उघडावयाचे हे विचारणाऱ्याला सांगता येते. न सांगितल्यास देशसंकेतांचे कोष्टक गृहीत धरले जाते. म्हणजे ‘कोणाच्या मते’ या पहिल्या कसोटीला ते बहुतांशी उतरते. उणीव एवढीच की, तो अधिकार उत्तराच्या ओळीत उमटत नाही. एकदा ओळ कापून दुसऱ्या कागदावर चिकटविली की तिचे गोत्र हरवते.

३. केव्हापासून

दुसरी कसोटी काळाची. तेथे हे साधन तितकेसे समाधान देत नाही. त्याचे कारण समजण्यास दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

१९७४ च्या पहिल्या यादीत सिक्कीमची नोंद होती, आणि तिचा संकेत होता ‘एस-के’. १९७५ साली सिक्कीम भारतात विलीन झाले आणि ती नोंद निघाली. १९९३ साली चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन होऊन स्लोव्हाकिया हे राज्य निर्माण झाले तेव्हा तीच ‘एस-के’ ही अक्षरे त्याला देण्यात आली. आज शोधकाला ‘एस-के’ विचारले तर तो स्लोव्हाकिया असे उत्तर देतो. ते उत्तर आजच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण १९७४-७५ च्या एखाद्या दप्तरातील ‘एस-के’ वाचणाऱ्या अभ्यासकाला तेच उत्तर हिमालयातून उचलून मध्य युरोपात नेऊन सोडते.

दुसरे उदाहरण ‘सी-एस’चे. ही अक्षरे प्रथम चेकोस्लोव्हाकियाची होती. १९९३ नंतर ती मोकळी झाली. २००३ साली युगोस्लाव्हियाचे नाव बदलून ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ असे झाले आणि या नव्या नावासाठी तीच ‘सी-एस’ अक्षरे पुन्हा योजण्यात आली. दहा वर्षांच्या अंतराने एकच संकेत दोन निरनिराळ्या देशांचा वाचक झाला. या पुनर्वापरावर बरीच टीका झाली. २००६ साली ते राज्यही दुभंगले आणि सर्बियाला ‘आर-एस’, माँटेनेग्रोला ‘एम-ई’ असे संकेत मिळाले. सोडलेला संकेत पुन्हा वापरण्यापूर्वी पाळावयाची मुदत पुढे मानकाने वाढवून पन्नास वर्षांची केली. भाषेत एक शब्द दोन अर्थी होण्यास शतके लागतात. येथे ती क्रिया एका ठरावाने झाली, आणि तिच्यापासून निर्माण होणारा गोंधळही एका ठरावानेच आवरावा लागला.

जुन्या नावांसाठी मानकाच्या तिसऱ्या भागात चार अक्षरांचे संकेत केले आहेत. त्यांची रचना कोणाही कोशकाराला आवडेल अशी आहे. पहिली दोन अक्षरे जुन्या संकेताची, आणि पुढील दोन त्याचे काय झाले हे सांगणारी. ब्रह्मदेशाचा जुना संकेत ‘बी-यू’, नवा ‘एम-एम’. म्हणून त्या बदलाची नोंद ‘बी-यू-एम-एम’. सिक्कीम भारतात मिळाले, म्हणून त्याची नोंद ‘एस-के-आय-एन’. सोव्हिएत संघाचा एकच एक वारस नाही, म्हणून तेथे उत्तरार्धी ‘एच-एच’ ही अक्षरे येतात. चार अक्षरांत एका राज्याचे मरणोत्तर वृत्त सांगणारी ही पद्धती फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

आयएसओ-कोड्स संग्रहात हा तिसरा भाग आहे, आणि तेथे नोंद केव्हा वगळली त्याचा निर्देशही साठविला आहे. आयसोक्वेरीकडून तो मागता येतो. परंतु तो मागावा लागतो. ज्याला अशी काही यादी आहे हेच माहीत नाही, तो ती मागणार कशी? मुख्य कोष्टकातील ‘एस-के’पाशी ‘पूर्वी सिक्कीम, १९७५ पर्यंत’ एवढी टीप असती तर काम भागले असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दापुढे तो संस्कृत आहे, फारसी आहे, अरबी आहे की हिंदुस्थानी, हे एका अक्षराने सुचविले आहे. १८५७ सालच्या आवृत्तीत एका अक्षराच्या खुणेने जे साधले, ते आजच्या संगणकाला जड जाऊ नये.

काळाच्या संदर्भात आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. उत्तराच्या ओळीत अक्षरसंकेत व अंकसंकेत शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांचे पर्याय वाटतात. वस्तुतः त्यांचे विषय वेगळे आहेत. अंकसंकेत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतात; त्यांचे लक्ष मोजणीच्या प्रदेशावर असते. १९८९ साली ब्रह्मदेशाचे इंग्रजीतील अधिकृत नाव बदलून म्यानमार झाले, तेव्हा अक्षरे बदलली. अंक मात्र १०४ हाच राहिला, कारण भूमी तीच होती. उलट जर्मनीचे एकीकरण झाले तेव्हा ‘डी-ई’ ही अक्षरे तशीच राहिली, परंतु पश्चिम जर्मनीचा अंक २८० जाऊन त्या जागी २७६ आला, कारण नाव चालू राहिले तरी भूमी वाढली होती. इथिओपियापासून एरिट्रिया वेगळा झाल्यावर इथिओपियाचा अंक २३० वरून २३१ झाला. २०११ साली दक्षिण सुदान फुटून निघाल्यावर सुदानचा अंक ७३६ वरून ७२९ झाला. दोन्ही प्रसंगी अक्षरांना धक्का लागला नाही.

सारांश, अक्षरे नामाला धरून चालतात आणि अंक नामीला धरून. अर्थात अक्षरांचा नियम सर्वत्र सारखा पाळला गेलेला नाही. स्वाझीलँडचे एस्वातिनी (२०१८) झाले तरी त्याची अक्षरे जुनीच राहिली. नाम आणि नामी यांतील हा भेद भाषाशास्त्राच्या पहिल्या पाठातला आहे, आणि या चार पदांच्या ओळीत तो आयता उभा आहे. शोधक मात्र त्याविषयी मौन पाळतो.

४. मराठी वाचकाच्या दृष्टीने

आयएसओ-कोड्स संग्रहात देशनामांची अनेक भाषांतील रूपांतरे आहेत आणि त्यांत मराठीही आहे. स्वयंसेवकांनी केलेले हे काम आहे, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि संग्रहाच्या रचनेत देशाच्या नावासाठी फार तर तीन घरे आहेत : नाव, अधिकृत नाव आणि प्रचलित नाव. भूतपूर्व नाव व पर्यायी नाव यांना त्यात जागा नाही. मराठीचे अडते ते येथे.

मराठी वाङ्मयात देशनामांचे एकावर एक थर आहेत. म्यानमार हे वृत्तपत्री नाव. पण लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात ज्या मंडालेच्या तुरुंगात होते ते गाव मराठी वाचकाच्या लेखी ब्रह्मदेशातच आहे. थायलंडच्या मागे सयाम आहे, इजिप्तच्या मागे मिसर आहे. ‘तुर्कस्तान’ हा शब्द तर दुहेरी आहे : मराठीत तो बहुधा ज्याला २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत ‘तुर्किये’ म्हणतात त्या देशाचा वाचक असतो, आणि क्वचित मध्य आशियातील विस्तीर्ण प्रदेशाचाही. मराठी देशनामकोशाला ‘ब्रह्मदेश : पहा म्यानमार’ अशा प्रतिनिर्देशांवाचून गत्यंतर नाही. आयसोक्वेरीची मूळ दिशा संकेताकडून नावाकडे जाणारी असल्याने ही उणीव तेथे लवकर ध्यानात येत नाही. नावावरून संकेत शोधण्याची वेळ आली म्हणजे ती तात्काळ जाणवते.

मराठी भाषेच्या स्वतःच्या संकेताची कथा आणखी विलक्षण आहे. भाषासंकेतांच्या ६३९ क्रमांकाच्या मानकात मराठीला ‘एम-आर’ ही अक्षरे मिळाली आहेत. देशसंकेतांच्या मानकात हीच अक्षरे पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानिया देशाची आहेत. मराठीचा त्र्यक्षरी भाषासंकेत ‘एम-ए-आर’. देशांच्या यादीत तो मोरोक्कोचा आहे. मराठी एकटीच अशी नाही. कन्नडची ‘के-एन’ ही अक्षरे देशांत सेंट किट्स आणि नेव्हिसची, गुजरातीची ‘जी-यू’ ग्वामची, पंजाबीची ‘पी-ए’ पनामाची आणि मल्याळमची ‘एम-एल’ मालीची आहेत. कोकणीला द्व्यक्षरी संकेतच नाही, म्हणून ती या गोंधळातून सुटली आहे.

दोन्ही संकेत एकत्र लिहिताना भाषा लहान अक्षरांत आणि देश मोठ्या अक्षरांत लिहिण्याची रूढी आहे. भारतातील मराठी दाखविण्यासाठी लहान ‘एम-आर’पुढे आडवी रेघ देऊन मोठा ‘आय-एन’ लिहितात. मॉरिशसमधील मराठी भाषिक समाजाची भाषा दाखवावयाची तर त्या जागी मोठा ‘एम-यू’ येईल. येथे घाईने ‘मॉरि-’ एवढे वाचून मॉरिटानियाचा ‘एम-आर’ लिहिणाऱ्याच्या हातून जी जोडी तयार होईल तिचा अर्थ ‘मॉरिटानियातील मराठी’ असा होईल. अक्षरांचा लहानमोठेपणा ही केवळ रूढी आहे. यंत्र तो भेद मानीत नाही. यंत्राच्या लेखी अर्थ ठरतो तो स्थानावरून, म्हणजे आधी कोण आले व नंतर कोण आले यावरून. वाक्यातील पदाचा अर्थ जसा त्याच्या स्थानावरून कळतो, तसेच हे आहे.

आयसोक्वेरी या ठिकाणी एक चांगला धडा देते. देशांच्या कोष्टकात ‘एम-आर’ विचारा, उत्तर मॉरिटानिया; भाषांच्या कोष्टकात तेच विचारा, उत्तर मराठी. कोणता कोश उघडला आहे हे ठाऊक असल्याशिवाय अक्षरांना अर्थ नाही, हे तत्त्व इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच शिकावयास मिळेल.

५. यादीबाहेरचे

आतापर्यंत जे सांगितले ते यादीतील नोंदींविषयी. परंतु कोशाची खरी परीक्षा तो काय वगळतो यावरून होते.

कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. काही राष्ट्रांनी ते मानले, काहींनी नाही. मानक संघटना स्वतः कोणाला देश ठरवीत नाही. ती संयुक्त राष्ट्रांच्या नामावलीवर विसंबते, आणि तेथे नाव नसल्यामुळे मानकातही संकेत नाही. तथापि व्यवहार थांबत नाही. युरोपीय संघ आदी संस्थांनी खाजगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या जोड्यांतून ‘एक्स-के’ ही जोडी उचलून कोसोव्होसाठी वापरात आणली. ऑलिंपिक समितीने २०१४ साली त्याला मान्यता दिली. तिचा संकेत ‘के-ओ-एस’. दूरसंचार संघाने २०१६ साली ३८३ हा क्रमांक दिला. म्हणजे कोसोव्होच्या नागरिकाला दूरध्वनी आहे, क्रीडांगणावर नाव आहे, पण मानकाच्या यादीवर बेतलेल्या आवेदनपत्रात स्वतःचा देश निवडण्यास ओळ नाही. उलट तैवानला संकेत आहे, पण मानकाच्या यादीत त्याचे नाव ‘चीनचा प्रांत’ या विशेषणासह येते. आयएसओ-कोड्स संग्रहाने तेथे मानकाचे नाव तसेच ठेवून प्रचलित नावाच्या घरात नुसते ‘तैवान’ लिहिले आहे. दोन्ही नावे दोन निरनिराळ्या घरांत ठेवण्याची ही रीत कोशकाराला शोभणारी आहे. ती वाद मिटवीत नाही, पण वाद लपवीतही नाही.

याहूनही विचार करावयास लावणारी नोंद पारपत्रांच्या व्यवस्थेत सापडते. यंत्राने वाचावयाच्या पारपत्रांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने त्र्यक्षरी देशसंकेत स्वीकारले. पण प्रवास करणारा प्रत्येक मनुष्य कोणत्या ना कोणत्या देशाचा असतोच असे नाही, ही गोष्ट तिला नजरेआड करता आली नाही. म्हणून तिने आपल्या यादीत काही जादा संकेत घातले. ‘एक्स-एक्स-ए’ म्हणजे १९५४ च्या करारात व्याख्या केलेली राष्ट्रहीन व्यक्ती. ‘एक्स-एक्स-बी’ म्हणजे १९५१ च्या करारातील निर्वासित. ‘एक्स-एक्स-एक्स’ म्हणजे जिचे राष्ट्रीयत्व नमूद नाही अशी व्यक्ती.

आयसोक्वेरीच्या देशकोष्टकात हे तीन संकेत नाहीत. त्याला दोष देता येणार नाही; ते दुसऱ्या कोशाचे शब्द आहेत. परंतु एखाद्या कचेरीतील कारकून पारपत्रावरील ‘एक्स-एक्स-ए’ ही अक्षरे शोधकात घालील आणि त्याला काहीच उत्तर मिळणार नाही, तेव्हा तो काय समजेल? संकेत चुकीचा आहे, कागद खोटा आहे, असे त्याला वाटण्याचा संभव आहे. ‘आमच्या यादीत नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. कागदी कोशाच्या वाचकाला हा भेद प्रस्तावनेवरून कळतो. प्रस्तावना नसलेल्या शोधकाच्या वाचकाला तो कळण्याचा मार्ग नाही, आणि अशा वेळी कोशाच्या मौनाची किंमत समोर उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

६. निर्णय

एकंदरीत पाहता आयसोक्वेरी हे प्रामाणिक व मर्यादा जाणणारे साधन आहे. मानकांची कोष्टके ते एकमेकांत मिसळत नाही, वगळलेल्या नोंदी जपून ठेवणाऱ्या संग्रहावर ते उभे आहे, आणि मराठीसह अनेक भाषांना त्या संग्रहात स्थान आहे. या जातीच्या अनेक सजविलेल्या शोधकांपेक्षा ते म्हणूनच श्रेष्ठ होय. त्यात सुधारणा व्हावयाच्या तर त्या चार आहेत. उत्तराच्या ओळीत मानकाचा क्रमांक यावा. पूर्वी दुसऱ्या देशाचा असलेल्या संकेतापाशी तो देश व वर्ष यांची टीप असावी. नावांच्या घरांत भूतपूर्व व पर्यायी नावांची भर पडावी, म्हणजे ब्रह्मदेश व सयाम यांवरूनही वाट सापडेल. आणि नोंद न मिळाल्यास रिकामी ओळ न देता ‘या मानकात हा संकेत नाही, तो दुसऱ्या व्यवस्थेचा असू शकेल’ एवढे एक वाक्य यावे.

यांपैकी शेवटची सुधारणा सर्वांत सोपी आहे, आणि सर्वांत अधिक निकडीचीही तीच आहे.